प्याले वाजले की किटली

(बोलणारी माणसं : कुबात, गाड्यांत गाण्याची यंत्रणा बसवतो, बालिक्ची गावात स्टेशनामागच्या पत्र्याच्या कंटेनरात त्याचं दुकान आहे. सोनुन, कोरियात कामाला गेलेल्या तिलेकची आई; कुबात तिला मानानं एजे, म्हणजे ताई, म्हणतो. शेवटी शेजारची थोरली असिलकान आपा, सोनुनला सूनबाई म्हणणारी. शिवाय सोनुनच्या घरातलं काचेचं कपाट. ते बराच वेळ गप्प असतं, तरी त्याचं नाव इथे हवं.)

स्टेशन

कुबात : पण एजे, तिलेकच्या गाडीतला तो मोठा स्पीकर, सबवूफर, किती इंची होता ते तरी आठवत असेल? दहा? बारा?

सोनुन : मी काय पट्टी घेऊन बसले होते? काळा होता. डिकीभर होता. पिठाचं पोतं मागच्या सीटवर बसवून आणायला लागायचं, पाहुण्यासारखं.

कुबात : आणि अॅम्प्लिफायर?

सोनुन : तो कुठला?

कुबात : जो सबवूफरला ताकद देतो. चपटा डबा असतो. गरम होतो.

सोनुन : हां, तो होय. डिकी उघडी राहिली की त्याच्यावर मांजर झोपायचं.

कुबात : किती वॅटचा होता?

सोनुन : मांजराला विचार.

कुबात : एजे, हसू नका. तुम्ही म्हणता जसा होता तस्साच हवा, आणि कसा होता ते सांगायला मांजर. काढलेला माल तरी कुठाय?

सोनुन : तिलेकनं विकला, जायच्या आधी. नारीनकडचा कुणी पोरगा येऊन घेऊन गेला. डिकीत आता नुसत्या वायरी लोंबताहेत, कापलेल्या नाळेसारख्या.

कुबात : मग तिलेकलाच विचारा की. कोरियात आहे म्हणालात ना? फोन लागत नाही का?

सोनुन : दर रविवारी लागतो.

कुबात : झालं तर! दोन मिनिटांचं काम. नाव सांगेल, मी माल आणेन, तुम्ही चहा पाजाल.

सोनुन : विचारायचं नाही.

कुबात : का?

सोनुन : विचारलं तर त्याला कळेल.

कुबात : काय कळेल? आईला गाणी ऐकायची हुक्की आलीय एवढंच ना?

सोनुन : त्याचे व्हिसाचे कागद कधीच संपलेत, बाळा. तिथून एकदा पाय बाहेर पडला की परत आत घेणार नाहीत. धाकटीचं बिश्केकचं शिक्षण त्याच्या मासळीच्या कारखान्यावर चाललंय. आणि तो कसा आहे, तुला माहीत नाही. माझा आवाज जरा जड वाटला की विमानात बसेल. मग त्याला मी ओढून आणलं असं होईल. ते मला नको. हवंय. पण नको.

कुबात : बरं एजे. तोंड बंद. पण मग मी माप कुठून आणू?

सोनुन : मी सांगते ना! आमच्या गल्लीच्या वळणावर पाण्याचा नळ आहे बघ. तो नळापाशी आला की मधल्या कप्प्यातले प्याले वाजायचे.

कुबात : कुठले प्याले?

सोनुन : काचेच्या कपाटातले. पाहुण्यांचे, निळे, कपाशीच्या बोंडांच्या नक्षीचे.

कुबात : वरच्या कप्प्यात काय आहे?

सोनुन : मोठी ताटं. ती मख्ख. खाली सासूबाईंचा समोवार, तोही मख्ख. फक्त मधले. आणि लोखंडी चुलीचं दार हलायचं, पण ते पार फाटकापाशी आल्यावर.

कुबात : थांबा थांबा. खिडक्या?

सोनुन : खिडक्या नाही. खिडक्या उलानच्या. खिंडीतून उलान सुटला की त्या थडथडतात. वाऱ्याच्या त्या. प्याले तिलेकचे.

कुबात : वा! म्हणजे खिडक्या हलवण्याएवढा दम नव्हता. दोन नव्हते, एकच. बारा इंची धरू. आता मला सांगा, आवाज कसा होता? ठप् ठप्, की घुम्म?

सोनुन : मला कसं सांगता येणार?

कुबात : तोंडानं करून दाखवा.

सोनुन : लाज नाही वाटत? आईच्या वयाची आहे मी तुझ्या.

कुबात : इथे आहे कोण? मी आणि या बॅटऱ्या. करा.

सोनुन : दूम्म... अम्म.

कुबात : शेपूट आहे त्याला.

सोनुन : होतंच शेपूट. एक संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर पडायचा.

कुबात : मग ती भोकाची पेटी. बंद पेटीचा आवाज कोरडा असतो, काठीनं गादी झोडल्यासारखा. भोकातून हवा बाहेर पडते, ते शेपूट. पेटी कुणी केली होती?

सोनुन : त्यानंच. सासऱ्यांचा पलंग कापून.

कुबात : माप कुठून घेतलं होतं?

सोनुन : डोळ्यानं.

कुबात : म्हणजे चुकलेली असणार. भोकाची पेटी डोळ्यानं होत नाही, एजे. पोटात किती हवा आणि भोक केवढं, याचा हिशोब असतो.

सोनुन : तर मग तूही चुकलेलीच बनव.

कुबात : आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं गिऱ्हाईक आलं. बरं, तो आला की तुम्ही काय करायचात?

सोनुन : काय करणार? प्याले वाजले की किटली ठेवायची. नळ ते फाटक, तेवढ्यात पाण्याला धग लागायची. फाटकापाशी आला की खिडकीतून ओरडायचं, बंद कर रे ते मेलं, असिलकान आपांच्या गाईचं दूध आटेल! आपा पलीकडून ओरडायच्या, आटलंच आहे! तो ऐकून गाणं संपेपर्यंत आतच बसायचा. मग यायचा. तोवर चहा तयार.

कुबात : आणि आता?

सोनुन : आता मला कळत नाही, किटली कधी ठेवायची. फोनवर दिसतो रे तो. बोलतो, जेवतो, दात दाखवतो. सगळं करतो. येत नाही. मला त्याचं येणं ऐकायचंय. एवढंच. ते कुठे विकत मिळतं म्हणून हिंडत होते, तर तुझी पाटी दिसली.

कुबात : एजे, एक विचारू? तुम्ही गाडीत बसून ऐकणार ना?

सोनुन : गाडीत? गाडीत बसून मी काय ऐकू? गाडीतून मी कधीच ऐकलं नाही ते. मी घरी असणार.

कुबात : मग गाडी कोण आणणार?

सोनुन : त्याच विचारानं झोप लागत नाही.

कुबात : ...मी आणतो. एकदा.

सोनुन : एकदा पुरे. पुढचं पुढे.

नळ

सोनुन : हे काय? हे निळे दिवे कशाला?

कुबात : शोभेला. पेटीच्या तोंडाभोवती फिरतात. सगळे लावतात.

सोनुन : काढ. तिलेकच्याला दिवे नव्हते.

कुबात : रंग?

सोनुन : रंग नको. ही घे फळी.

कुबात : कसली?

सोनुन : पलंगाची. अर्धा उरला होता, कोंबड्यांच्या खोपट्याला लावला होता. कोंबड्यांना पत्रा दिला.

कुबात : शिटलेली आहे, एजे.

सोनुन : धू.

कुबात : आणि येताना पुन्हा दुसऱ्याच गिअरमध्ये आलात. स्टेशनपासून इंजिन रडत होतं, मला इथे दुकानात ऐकू आलं. तिसरा गिअर असतो गाडीला.

सोनुन : असेल. दुसऱ्यात मला काय कमी आहे? तू तुझं बघ. ही जाडी लाल वायर कुठे चाललीय?

कुबात : थेट बॅटरीकडून. दाराच्या पट्टीखालून डिकीत. मध्ये फ्यूज, म्हणजे काही झालं तर गाडी पेटायच्या आधी तो जळेल. तिलेकनं लावला नव्हता. तुमच्या वायरी बघून मला घाम फुटला. तेवढी एक चूक मी करणार नाही, सांगून ठेवतो.

सोनुन : ती नको करूस.

कुबात : आणि हे बघा काय सापडलं. सीटखाली.

सोनुन : काय ते?

कुबात : पेन ड्राइव्ह. गाणी असतील. लावू?

सोनुन : नको!

कुबात : बरं बरं.

सोनुन : इथे नको. ...त्याच्यात एक आहे, ज्यात कुणी गातच नाही. तेच लावायचा. मी म्हणायचे, अरे, गाणारा मेला का? तो म्हणायचा, आई, गाणारा अजून यायचाय.

कुबात : शोधून ठेवतो. माझं बरं आहे. मी घरी येतो ते कुणाला कळतच नाही. बायको म्हणते, चोरासारखा येतोस.

सोनुन : फाटकाची बिजागरी तेल न घालता ठेव. तेवढं तरी कर तिच्यासाठी.

फाटक

कुबात : एजे, फोन कानाला आहे ना? नळापाशी आलोय. बायका पाणी भरताहेत, माझ्याकडे बघताहेत.

सोनुन : बघू दे. मी कपाटासमोर बसलेय.

कुबात : गाणं नंतर. आधी नुसता सूर लावतो, खालून वर चढत जाणारा. काय हलतं ते सांगत राहा. हा घ्या.

कपाट : —

कुबात : काही?

सोनुन : पायाला कळतंय. कानाला नाही.

कुबात : वाढवतो.

कपाट : —

सोनुन : चुलीचं दार हललं.

कुबात : आताच? ते तर फाटकापाशी हलायचं ना? जरा कमी करून सूर वर नेतो. आता?

कपाट : —

सोनुन : खिडकी! खिडकी वाजली. ती नको, ती नको.

कुबात : हं. पुन्हा खाली आलो. आता?

सोनुन : वरचं ताट हललं.

कुबात : ताट? जे सगळ्यात मख्ख ते? आणि प्याले?

कपाट : —

सोनुन : बसलेत. पाहुण्यांसारखे. मांडी घालून.

कुबात : असं होणार नाही, एजे. वरचा कप्पा हलतो, चूल हलते, आणि मधेच काय मेलंय? प्याले तेच आहेत ना?

सोनुन : तेच.

कुबात : एकमेकांत घालून ठेवलेत का?

सोनुन : नाही रे. शेजारी शेजारी. बोटभर अंतर.

कुबात : त्यांच्या खाली काय आहे?

सोनुन : ...

कुबात : एजे?

सोनुन : नमदा.

कुबात : लोकरीचा?

सोनुन : जुना होता, जाड. त्याच्या गोल चकत्या कापल्या. एकेका प्याल्याखाली एकेक.

कुबात : कुणी?

सोनुन : मीच. तो गेला त्या शरदात उलान सुटला. उलान काय, नेहमीच सुटतो. पण त्या वर्षी असा सुटला की भिंत हलायची, आणि भिंतीबरोबर हे वाजायचे. मी उठायचे, किटली ठेवायचे. पाणी उकळायचं. फाटक उघडायला जायचे, तर वारा आत यायचा. पुन्हा वाजायचे, पुन्हा उठायचे. वेडी झाले होते. मग एक दिवस कात्री घेतली.

कुबात : आणि मला आज सांगताय?

सोनुन : मला वाटलं, ते वाऱ्यापुरतंच आहे. तिलेक त्यातूनही वाजेल.

कुबात : नमद्याला काय कळतं एजे, वारा कुठला आणि पोरगा कुठला. काढा त्या चकत्या.

सोनुन : काढल्या की उलानही वाजेल.

कुबात : वाजेल.

सोनुन : दर शरदात.

कुबात : हो.

सोनुन : आणि मी उठणार.

कुबात : उठाल. माझ्याकडे त्याला फ्यूज नाही, एजे. सावकाश ठरवा. मी इथे उभा आहे. बायकांनी मला पाणीही दिलंय. नकोच असेल तर सांगा, गाडी आणून लावतो अंगणात. पेटी तशीच राहू दे, कोंबड्यांना देऊन टाका.

सोनुन : फोन खाली ठेवते जरा. दोन हात लागतात.

कपाट : किण्.

कुबात : एजे! अजून मी काही लावलं नाही!

सोनुन : माझा हात लागला. गप्प बस ना जरा.

कपाट : किण्. ...किण्.

सोनुन : झाले. सगळे निघाले. खाली फळीवर गोल गोल डाग राहिलेत.

कुबात : आता सूर नको. गाणंच लावतो. ते. कुणी गात नाही ते.

सोनुन : लाव.

कुबात : निघालो नळापासून.

कपाट : —

कुबात : एजे?

कपाट : किण्.

कुबात : एजे, वाजले का?

कपाट : किण्. किण्किण्. किणकिणकिण्.

कुबात : एजे, काहीतरी बोला. कमी करू? जास्त करू? वाजताहेत का नाही?

कपाट : किणकिणकिणकिण्.

असिलकान : सोनुन! ए सूनबाई! सुयुंचू! दे सुयुंचू, गोड बातमीची भेट! अशी बातमी आणलीय, रिकाम्या हातानं जायची नाही मी!

सोनुन : आपा, धापा टाकताय. बसा आधी.

असिलकान : बसते कसली! बहिरी झालीस का? आला तो! वळणावरून येतोय! बादली तशीच गाईखाली टाकून पळाले. म्हटलं, पलीकडच्या बायका आधी पोचल्या तर बातमीचा मान त्या घेतील. काढ काय द्यायचं ते!

सोनुन : हा घ्या रुमाल.

असिलकान : हा? अगं, हा तर रेशमी. हा तू तिलेकच्या लग्नात विहिणीला द्यायला ठेवला होतास. मला दाखवला होतास की.

सोनुन : घ्या.

असिलकान : थांब. तू रडत नाहीस. हसतही नाहीस. फाटक उघडायला पळाली नाहीस. सोनुन... गाडीत कोण आहे?

सोनुन : कुबात. स्टेशनामागचा. गाडीत आवाज बसवून देतो. मी बसवून घेतला.

असिलकान : तिलेक नाही?

सोनुन : नाही, आपा.

कपाट : किणकिण्. किण्.

असिलकान : मग हा धर तुझा रुमाल. खोट्या बातमीचं घेत नसतात. घेतलं तर खरी येत नाही.

सोनुन : राहू दे. प्याले वाजताहेत ना? तेवढं खरं आहे.

असिलकान : माझंच डोकं. या आवाजाला मी किती शिव्या घातल्या असतील, आणि आज त्याच्यामागे चप्पल न घालता धावले.

कुबात : एजे, फोनवर कोण बोलतंय? मी फाटकापाशी आलो. चुलीचं दार हललं का? गाणं अजून बरंच आहे. काय करू, बंद करू का?

असिलकान : विचारतोय तो.

कुबात : एजे?

सोनुन : बंद कर रे ते मेलं! आपांच्या गाईचं दूध आटेल!

असिलकान : आटू दे. तू किटली ठेव.